दिवाणाच्या लाकडाचा कॉम्प्युटर

देवाला सगळं जग लाकडाचंच करायचं होतं, मध्येच लाकूड संपलं म्हणून उरलेलं काम त्यानं लोखंड, प्लास्टिक आणि माणसं यांच्यावर भागवलं, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला अजून ‘पाव्हणं’ म्हणतात, जणू मी जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार आहे. ते सांगलीत आणि आम्ही साताऱ्यात असल्यामुळे बऱ्याचदा तसंच होतं.

त्यांच्या घरात मिक्सरला सागवानी अंगरखा आहे. दारावरच्या बेलच्या बटणाला कोरीव महिरप आहे, ती इतकी सुंदर आहे की नवा माणूस बटण दाबायचं विसरून महिरपच पाहत उभा राहतो आणि शेवटी कडी वाजवतो. टीव्हीच्या रिमोटला शिसवाची पेटी केल्यापासून तो चारशे दहा ग्रॅम भरतो. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला आहे. आक्का, म्हणजे दाजींच्या सौभाग्यवती, बातम्या लावायच्या असल्या की तो दोन्ही हातांनी उचलतात आणि म्हणतात, “ह्यो रिमोट न्हाई, वरवंटा हाय.” दाजींवर अशा बोलण्याचा परिणाम होत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ते आधी टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, मान तिरकी करून आवाज ऐकतात आणि मगच घरच्या माणसांकडं वळतात. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं स्थळ पाहायला आम्ही कराडला गेलो होतो. मुलगा नोकरीचा, घर स्वतःचं, माणसं बोलायला नीट. चहा आला आणि दाजी दिसेनात. पाहतो तर ते ओणवे होऊन सोफ्याच्या पोटाखाली हात घालून बसलेले. मुलाच्या वडिलांनी घाबरून विचारलं, काही पडलं का? “न्हाई न्हाई, तुमचं चालू द्या,” दाजी म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी निकाल दिला, “पोरगं बरं हाय. माणसं बी बरी. पर सोफा भुश्श्याचा हाय आन् वरनं सागवानाचा कागद चिटकिवलाय. आनि काय काय चिटकिवलंय ते एकदा इचारून घ्या.” आम्ही विचारलं नाही. लग्न झालं, भाची सुखात आहे, आणि दाजी भेटले की तिच्याआधी तिच्या सोफ्याची प्रकृती विचारतात.

हे वेड त्यांच्या धंद्यातून आलं आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची एक लहान शेड आहे. तिथं ते ओतकामाच्या कारखान्यांसाठी लाकडी नमुने करतात. त्यांच्या भाषेत पॅटर्न. पंपाचं कवच लोखंडात ओतायचं असेल तर आधी ते तसंच्या तसं लाकडात करावं लागतं. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. “म्हंजे बघा पाव्हणं, सगळं आधी लाकडाचंच असतंय. लोखंड मागनं येतंय,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. आता बरेच नमुने यंत्रावर कोरून येतात आणि दाजींच्या शेडमध्ये रंधा कमी आणि रेडिओ जास्त चालतो. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. ते एवढंच म्हणतात की यंत्राला लाकडाचा वास येत नाही, बिचारं.

त्यांना एकच मुलगी. ती बंगळूरला असते आणि अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते. अशी की खिडकीच्या काचेवर समोरच्या झाडाची सावलीसुद्धा दिसते. घरातल्या आम्हा सगळ्यांना हे काम समजायला बराच वेळ लागला. दाजींना एका वाक्यात समजलं. “म्हंजे ती बी पॅटर्नच करती की. आधी खोटं, मग खरं.” त्यानंतर ती नेमकं काय करते हे ते बाहेरच्यांना इतक्या अभिमानानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, बंगळूर शहर हिच्याच हातून बाहेर पडतंय.

एका मे महिन्यात ती ऑफिसचं मशीन घेऊन सांगलीला आली. तिची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. सांगलीचा मे महिना आणि पत्रा, म्हणजे तिथं पापड वाळवायलाही कुणी बसत नाही. पोरगी काम सुरू करायची, थोड्या वेळात मशीनमधले पंखे किंचाळायला लागायचे आणि मग ते तापून आपोआप बंद पडायचं. चार दिवसांत ती कंटाळली. जेवताना सहज वडिलांना म्हणाली, “आण्णा, हे मशीन इथल्या उन्हात टिकलं असतं ना, तर मी इथूनच काम केलं असतं. ऑफिसला काय, कुठूनही करा म्हणतात.” मी त्या जेवणाला हजर होतो. मी ती तक्रार म्हणून ऐकली. आक्कांनी उसासा म्हणून ऐकली. दाजींनी मात्र भाकरीचा घास हातात तसाच ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं. त्यांनी तो शब्द म्हणून धरला होता.

ती परत गेली आणि त्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला.

“पाव्हणं, तुमी पाण्याच्या खात्यात हाय न्हवं?”

“इतक्या वर्षांनी विचारताय, दाजी?”

“मग सांगा, कॉम्प्युटराला पाणी किती लागंल?”

मी साताऱ्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे. दरडोई किती लिटर, कोणत्या टाकीवर किती दाब, हे मला विचारावं. कॉम्प्युटर दरडोईत बसत नाही. पण दाजींनी लेकीसाठी उन्हात टिकणारं मशीन बांधायचं ठरवलं होतं आणि सांगलीतल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, पंख्यांऐवजी पाणी फिरवूनही मशीन थंड ठेवता येतं. छोटा पंप, बारीक पाइप आणि रेडिएटर. दाजींनी आयुष्यभर इंजिनाच्या कवचांचे नमुने केलेले. पाणी फिरवून थंड करायचं, हे ऐकल्यावर त्यांना कॉम्प्युटर हा एकदम घरचा माणूस वाटायला लागला. त्यात त्या दुकानदारानं आणखी एक शब्द उच्चारला. हे सगळं बसवायला मोठं कॅबिनेट लागेल, असं तो म्हणाला. त्याच्या लेखी कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. दाजींच्या लेखी कॅबिनेट म्हणजे कपाट. “आन् कपाट पत्र्याचं कशाला करायचं?” त्यांनी मला फोनवर विचारलं.

मी हिशेब करून दिला. मशीन भरात असताना सहाशे वॅट उष्णता टाकतं असं धरलं आणि मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं, तर ते एका फेरीत साधारण साडेआठ अंशांनी तापेल. दाजींनी तो आकडा दोनदा म्हणवून घेतला. “एवढंच? म्हंजे आंघुळीला बी कामाचं न्हाई,” ते थोडे निराश होऊन म्हणाले. मग त्यांनी व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. परदेशातली माणसं असली मशीन कशी बांधतात याचे ते व्हिडिओ. दाजी त्यांचा आवाज पूर्ण बंद करून पाहत. आक्कांनी विचारलं तर म्हणाले, “बोलणं ऐकत बसलं की त्येंचं हात दिसत न्हाईत.” आठवड्यातून एकदा तरी मला फोन येई. पंपाचा दाब किती, पाइपचा वाक किती चालेल, रेडिएटर वर बरा का खाली. मी शक्य तेवढी उत्तरं देई. ऑफिसात माझ्या टेबलाशेजारचे लोक म्हणू लागले की तुमच्या साडूंनी एखादी नळयोजना घेतलीय वाटतं.

पाण्यावरून आमचं एकदाच वाजलं. दाजींचा हट्ट की मशीनमध्ये महाबळेश्वरचं पाणी घालायचं. कृष्णेचं पाणी सांगलीपर्यंत येईतो लय गावं बघून येतं, तेव्हा उगमाजवळचंच पाहिजे. मी सांगितलं, डिस्टिल्ड पाणी घाला, गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते. त्यात क्षार नसतात, पाइप चोंदत नाहीत. “बॅटरीचं पाणी?” दाजी ओरडले. “माझ्या पोरीच्या मशिनीत मेल्यालं पाणी घालू व्हय?” शेवटी मी पाच लिटरचा कॅन महाबळेश्वरहून भरून सांगलीला नेला. दुकानदारानं माझ्यासारखंच सांगितल्यावर दाजींनी मुकाट्यानं डिस्टिल्ड पाणी आणलं. त्या कॅनच्या पाण्याचा चहा झाला आणि तो त्यांनी प्रत्येक घोटाला डोळे मिटून प्यायला, आपलंच खरं होतं हे दाखवायला.

आता लाकडाचं. दाजींच्या घरी माळ्यावर जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या सागवानाच्या फळ्या होत्या. रेषा सरळ, एक गाठ नाही. पोरगी शाळेत होती तेव्हाच त्यांनी त्या बाजूला काढल्या होत्या, तिच्या लग्नात द्यायच्या दिवाणासाठी. दर दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली येत, पुसल्या जात आणि पुन्हा वर जात. एका रविवारी मी गेलो तर त्या फळ्या अंगणात उतरवलेल्या आणि आक्का त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

“आवं, दिवाणाचं लाकूड हाय ते!” त्या माझ्याकडं वळल्या. “तुमी तरी सांगा ह्यास्नी. लग्नाचं लाकूड मोडून कुणी डबा करतंय व्हय?”

मी काही सांगायच्या आत दाजी खाली बसले. त्यांनी एका फळीवरून तळहात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, “दिवाण दिला की पोरगी जाती. ह्ये दिलं तर येती.”

आक्कांचे हात कमरेवरून खाली आले. त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं चहा घेऊन बाहेर आल्या. तेवढ्या वेळात दाजींनी पहिली फळी चिरली होती. मी त्या दिवशी घरी परतल्यावर आमच्या घरातल्या बंद खोलीकडं जरा जास्त वेळ पाहिलं. आमचा मुलगाही पुण्याला असतो. पण मला काही बांधता येत नाही.

कॅबिनेट तयार झालं तेव्हा मला खास बोलावणं आलं. ते मी काय वर्णन करावं? गुडघ्याएवढं उंच, एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून. एका अंगाला काच, वरती हवा जायला जाळी. ती जाळी त्यांनी हातानं कोरली होती. दुकानदार सगळे भाग घेऊन आला. दाजींनी नवा सदरा घातला होता. आक्कांनी कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं. दुकानदारानं मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं मशीन बसतं ती मोठी पाटी, आत धरली आणि पहिला स्क्रू बसवला. दुसरा बसेना. बोर्डावरचं भोक एकीकडं आणि लाकडावरचं एकीकडं. त्यानं पहिला सैल केला, दुसरा लावला, तर पहिला सुटला.

“काका, मापात फरक हाय,” तो म्हणाला.

“माझ्या मापात?” दाजींनी असं विचारलं, की मी दुकानदाराच्या जागी असतो तर बोर्ड तिथंच ठेवून निघून गेलो असतो. त्यांनी खिशातून आपली पट्टी काढून लाकडातल्या बोर्डाच्या जागेला लावली. साडेतीस सेंटिमीटर. अगदी बरोबर. “बोर्ड बघ तुझा. कुठनं दबलाय का.”

माझ्या पिशवीत मापाची टेप असते. ती मी काढली, लाकडाला लावली, आणि पुन्हा एकदा लावली. तीस पूर्णांक आठ दशांश. मग माझी टेप त्यांच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींचे शून्य जुळवले. पुढं प्रत्येक रेघेला त्यांची पट्टी माझ्या टेपच्या थोडी पुढं पळत होती, आणि दुसऱ्या टोकाला चांगली तीन मिलिमीटर पुढं होती.

दाजी एकदम खाली बसले.

झालं असं होतं. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, शंभराला साधारण एक. म्हणून नमुना करणारे लोक मुळातच एक टक्का मोठं माप धरतात. दर वेळी गणित करायला नको म्हणून त्यांची पट्टीच तशी बनवलेली असते. तिच्यावरचा सेंटिमीटर तुमच्याआमच्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब. दाजींनी सबंध आयुष्य त्या पट्टीवर काढलेलं. लेकीचं कॅबिनेट करतानाही हात तिच्याकडंच गेला. सगळं कॅबिनेट, त्याचा प्रत्येक सांधा, प्रत्येक भोक, एक टक्का मोठं झालं होतं. एखादी वस्तू ओतून निघायची आहे आणि थंड होऊन मापात यायची आहे, असं.

दुकानदाराला हे समजावून सांगितल्यावर तो हसला. “काका, मग थंड होईपर्यंत थांबू या का?” मी त्याला डोळ्यानं दटावलं, पण दाजींना राग आला नव्हता. ते पट्टीकडं पाहत होते. “पाव्हणं,” ते म्हणाले, “पोरीचं काम म्हनून चार चार येळा मोजलंय मी. चारी येळा ह्याच पट्टीनं.”

आक्का पुढं झाल्या. “गप बसून काय हुतंय? हळदकुकू लावून झालंय, आता मागं फिरता येत न्हाई. उठा.” दाजी उठले. उरलेल्या फळीचा एक तुकडा काढला आणि आतमध्ये बोर्डासाठी नवी लाकडी पाटी बसवायची ठरली. या वेळी मापं मी माझ्या टेपनं ओरडून सांगायची आणि त्यांनी फक्त रेघ मारायची. प्रत्येक आकड्याला ते विचारत, “बाजारातलं माप न्हवं?” आणि मी म्हणे, “बाजारातलंच.” संध्याकाळच्या आत बोर्ड बसला. मग मी आमच्या खात्याची रीत वापरली: नवी पाइपलाइन टाकली की आधी नुसतं पाणी सोडून ठेवायचं आणि गळती पाहायची. खाली कोरा कागद अंथरून नुसता पंप चालू ठेवला. दाजी वाकून वाकून पाहत होते. मध्येच “गळालं!” म्हणून ओरडले. कागदावर खरंच एक थेंब होता. तो त्यांच्या कपाळाचा निघाला.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी आली. वरच्या खोलीत कॅबिनेट ठेवलेलं पाहून ती दारातून सरळ त्याच्याकडं गेली. त्यावरून हात फिरवला, जाळीतून बोट घातलं. मग मशीन चालू केलं आणि जरा वेळानं वळून म्हणाली, “आण्णा, चालू झालंय ना हे?” इतकं ते मुकं होतं. बाहेर ऊन पत्रा तापवत होतं आणि आत मशीन भरात चाललं होतं, बंद पडायचं नावही नव्हतं. तो सबंध उन्हाळा ती सांगलीत राहिली. दाजींनी घरात कुकरच्या शिट्ट्यांवर बंदी घातली. भांडेवालीला दुपारी यायची मनाई झाली. शेडवर जायचं सोडून ते जिन्याच्या मधल्या पायरीवर पेपर घेऊन बसत, वर जाणाऱ्याला अडवत आणि कुजबुजत सांगत, “ती काम करती.” मी गेलो तर मलाही त्यांनी तिथंच बसवून घेतलं. आम्ही दोघं पायरीवर बसून कुजबुजत राजकारणावर भांडलो.

आणि एक दिवस ती जिना उतरून त्याच पायरीवर आली. या मशीनवर तिनं बाहेरची दोन कामं केली होती आणि ती फार पसंत पडली होती. “आण्णा, एवढं मशीन हाताशी असेल तर मला ऑफिसची गरजच नाही. मी माझं स्वतःचं काम सुरू करू शकते.” दाजींचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडं पाहावं लागलं. मग ती थांबली. पायरीचा कोपरा नखानं खरवडत म्हणाली, “पण कामं देणारे सगळे तिकडंच आहेत. भेटायला लागतं, रोज. इथून नाही जमणार.”

पुढचं तिला विचारवत नव्हतं. दाजींनीच ते सोपं केलं. “मग ह्ये हितं ठिवून काय लोणचं घालायचंय? घिऊन जा की.” आणि लगेच मला म्हणाले, “पाव्हणं, टेप आणलीय का? खोकं करावं लागंल.” आक्कांनी फळ्यांची जुनी धोतरं काढून दिली, मशीनभोवती गुंडाळायला.

याला आता बरीच वर्षं झाली. मुलीचं काम चांगलं चाललं आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत, आणि तिथं येणारा प्रत्येक जण आधी त्या सागवानी मशीनपाशी थांबतो असं ती सांगते. ती सणाला येते, दोन दिवस राहते. परवा मी सांगलीला गेलो होतो. जेवणं झाली आणि दाजींनी तिला फोन लावला. तब्येत, जेवण, पाऊस, सगळं बोलून झालं. मग ते म्हणाले, “फोन जरा मशिनीजवळ धर बरं.” तिला ही मागणी नवी नसावी, तिनं काही विचारलं नाही. दाजींनी फोन कानाला घट्ट लावला, मान तिरकी केली आणि डोळे मिटले.

आक्का हात पुसत बाहेर आल्या. “काय म्हनती ती?”

दाजींनी हातानंच त्यांना गप केलं. “काय बी ऐकू येत न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “झ्याक चाललंय.”

फोनमधून पोरीचा बारीक आवाज आला, “आण्णा, ठेवू का?”

“थांब की जरा,” दाजी म्हणाले.